रिकामा रकाना

सोमवार, ५ एप्रिल २०२१

आज दुपारी भाईंदरला पोहोचलो. एसटीने बोरिवली, पुढे रिक्षा. जेसल पार्कातली खोली मनासारखी आहे. तिसरा मजला, खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. ओहोटीच्या चिखलात बगळे उभे होते. घरमालक गुणवंतभाई सहकुटुंब गुजरातला निघाले होते, म्हणून तर इतक्या स्वस्तात आख्खं घर मिळालं. किल्ली हातात ठेवून म्हणाले, लाइट-पंखा बघून घ्या आत्मारामभाऊ, बाकी आरामसे राहा, आपलंच घर समजा. मास्क नाकावर ओढून दोन पायऱ्या मागे सरकत बोलत होते, पण हसून.

बंद फ्रिजवर दत्तगुरूंची तसबीर ठेवली, निरांजन लावलं. शाळा बंद पडल्यापासून गावात रिकामाच होतो. वीस वर्षं लिपिकाचं काम केलेल्या हाताला पुन्हा काम मिळतंय. दोन भाकऱ्या थापल्या. एक उरली. ही असती तर म्हणाली असती, अजून एकट्याचं माप कळत नाही तुम्हाला.

मंगळवार, ६ एप्रिल

काम पश्चिमेला, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाकं भिंतीला लावून बारा टेबलं, बारा फोन. कोरोना झालेले पण घरीच असलेले लोक आमच्या यादीत. रोज सकाळी अकरापासून प्रत्येकाला फोन करायचा. ताप किती, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन किती, शेवटी शेरा. दहा दिवस झाले की "मुक्त" लिहून नाव बंद. तीनदा फोन करूनही कुणी उचलला नाही, तर "संपर्क नाही" लिहायचं, मग पथक घरी जाऊन बघतं. पथकं दोनच आहेत. संध्याकाळी पाचला आकडे वर जातात.

आमच्यावर देखरेख करणारा चंदन ठेकेदाराचा माणूस, तिशीचा. मला काका म्हणतो. माझं अक्षर पाहून म्हणाला, काका, ये तो छापल्यासारखं आहे, रजिस्टर तुमच्याकडेच. आमचे हेडमास्तर सांगत, रकाना रिकामा दिसला म्हणजे लिपिक झोपला होता. माझा एकही रकाना कधी रिकामा राहिलेला नाही.

शेजारच्या टेबलावर मीरा रोडची हिना. एकत्र जेवायला मनाई, म्हणून कागदावर पोळी ठेवून टेबलावरून माझ्याकडे सरकवते.

शुक्रवार, ९ एप्रिल

दिवसाला सव्वाशे फोन होतात. एकाला मी बँकवाला वाटलो, त्याने शिव्या दिल्या. एक बाई म्हणाल्या, सोसायटीत गाडी पाठवू नका हो, मुलीचं जमत आलंय. एकाने बेड मिळेल का विचारलं, मी पालिकेचा नंबर दिला; म्हणाला, तो सकाळपासून लागत नाहीये.

आज नवीन नाव आलं. जिजाबाई, वय एकाहत्तर, भाईंदर पश्चिम, चौथा मजला, एकट्या. कोळीवाड्यातलं घर सोडून मुलाने घेतलेल्या फ्लॅटात राहतात. मुलगा स्वरूप मालवाहू जहाजावर आहे. यंत्रावरचा आकडा वाचता येतो का विचारलं, तर उखडल्या. कोळीन हाय मी, चाळीस वरसं बाजारात बसलेय, आकडा चुकनार न्हाय. शहाण्णव हाय, लिव. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, कीर्तनकारावानी बोलतंस रे, मास्तर हायस का? लिपिक होतो म्हटलं तरी मास्तरच राहिलो.

रविवार, ११ एप्रिल

सुट्टी नाही. बरंच आहे. या इमारतीत माझ्या मजल्यावरची बाकीची तिन्ही दारं कुलुपात आहेत. संध्याकाळी भांडं पडलं तर त्याचाच आवाज खोलीभर फिरत राहतो.

जिजाबाईंचा फोन मी शेवटी ठेवतो, म्हणजे दोन मिनिटं जास्त बोलता येतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने, जितेंद्र नाव त्याचं, जिन्यात दोरी बांधलीये आणि दार उघडायचं नाही असं बजावलंय. दूधवाला पिशवी कडीला अडकवतो. गच्चीवर वाळत घातलेले बोंबील लोकांनी खाली फेकून दिले, ते दुःख त्यांना तापापेक्षा मोठं. म्हणाल्या, रोग माझ्या फुफ्फुसात हाय, बोंबलात न्हाय. मी हसलो. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसलो.

मंगळवार, १३ एप्रिल, गुढीपाडवा

खिडकीत काठी बांधायला काही नव्हतं. तसबिरीला साखरेची गाठी घातली.

जिजाबाईंना धाप लागत होती. आकडा शहाण्णवच सांगितला. पुन्हा बघा म्हटलं, तर यंत्र खोटं बोलत न्हाय म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, मी फोन उचलला न्हाय तर मानूस पाठवशील ना मास्तर? मी दत्तगुरूंची शपथ घेऊन हो म्हटलं. लगेच त्यांचा टोमणा आला. न्हाय पाठवलास तर मीच येईन तुझ्या दारात. बाजारात उधारी बुडवून पळालेला मानूस पन मी हुडकून काढलाय.

बुधवार, १४ एप्रिल

रात्री आठपासून संचारबंदी. हिनाचे रोजे सुरू झाले, तरी माझ्यासाठी पोळी आणते.

जिजाबाईंनी फोन उचलला नाही. तीनदा केला. मी "संपर्क नाही" लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात चंदन आला. एका पथकातले दोघं तापाने पडलेत, दुसरं मयतांच्या कामाला लावलंय. आज एकवीस "संपर्क नाही" आहेत, इतके वर पाठवले तर माझी वाट लावतील, म्हणाला. कालचा आकडा लिहा ना काका, लोक फोन चार्जिंगला लावून झोपतात. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मी लिहिलं. ९६. ठीक.

आंघोळीला गेल्या असतील. घरी येताना त्यांच्या इमारतीवरून आलो असतो, पण वाट उलटी पडते आणि आठच्या आत घर गाठायचं होतं.

गुरुवार, १५ एप्रिल

नाही उचलला. ९६. ठीक.

निरांजनासमोर बसलो, नाम घेता येईना.

शुक्रवार, १६ एप्रिल

उचलला! आज उचलला. मी मावशी, मावशी करत राहिलो. त्या म्हणाल्या, शहाण्णव, ठीक. बस, फोन बंद. रुसल्या असतील. रुसू देत. येताना दत्तगुरूंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

शनिवार, १७ एप्रिल

जेवलात का विचारलं. शहाण्णव, ठीक. स्वरूपचा फोन आला का? शहाण्णव, ठीक. धाप नाही, खोकला नाही. पूर्वी त्यांच्यामागे पंखा खडखडायचा, कावळा ओरडायचा. आता मागे काहीच नसतं. आणि त्यांनी मास्तर म्हटलं नाही.

एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली. त्या कधीच ठीक म्हणायच्या नाहीत. बरा हाय म्हणायच्या. ठीक हा शब्द माझा आहे, रजिस्टरातला.

रविवार, १८ एप्रिल

दहावा दिवस. शहाण्णव, ठीक. मी "मुक्त" लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं. हात जोडले.

सोमवार, १९ एप्रिल

आजच्या छापील यादीत त्यांचं नाव पुन्हा आहे. दिवस अकरावा. चंदन म्हणाला, कॉम्प्युटरची मिस्टेक, लावून टाका फोन. लावला. शहाण्णव, ठीक.

हिनाला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. तिला वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी लावला की उचलतात. ती म्हणाली, काका, एक दिन घर पे आराम करो.

दुपारी जहाजावरून स्वरूपचा फोन आला. आईचा फोन लागत नाहीये, तुमच्याशी बोलते का ती? रोज बोलते म्हटलं. शहाण्णव आहे. रडला बिचारा. देव तुमचं भलं करो म्हणाला.

मंगळवार, २० एप्रिल

आज दुपारी काम टाकून गेलो. जिन्यातली दोरी ओलांडली. वरून जितेंद्र ओरडला, ओ काका, उधर पेशंट आहे, कळत नाही काय? चौथा मजला. दाराच्या कडीला सात दुधाच्या पिशव्या. खालच्या फुगून फुटलेल्या, फरशीवर पिवळं सुकलेलं. वास दुधाचा नव्हता.

बेल वाजवली. मग मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. आत फोन वाजू लागला, दाराच्या अगदी जवळ. वाजत राहिला. कुणी उचलला नाही, मी दाराला कान लावून ऐकत होतो, घंटी वाजतच होती — आणि माझ्या दुसऱ्या कानाशी धरलेल्या मोबाइलमधून आवाज आला. शहाण्णव. ठीक.

पोलीस आले, दार फोडलं. खुर्ची दारालाच लावली होती. पथक आलं की लगेच उघडता यावं म्हणून असेल. फोन मांडीवर. यंत्र बोटातच, विझलेलं. डॉक्टर म्हणाले सहा दिवस तरी झाले.

चौदा तारीख. पाच वाजता त्या कदाचित होत्या. मी माणूस पाठवला असता तर.

बुधवार, २१ एप्रिल, रामनवमी

चंदन म्हणाला, लिहिलंय ते राहू द्या काका, मयत वीस तारखेची दाखवू, तुम्ही पण फसाल, मी पण. हिनाने आज पोळी सरकवली नाही. स्वरूपने पुन्हा विचारलं, शेवटचं काय बोलली आई? ठीक आहे म्हणाल्या, असं मी सांगितलं.

चौदा तारखेचा माझा ९६ पाहिला. सुंदर अक्षर आहे.

शुक्रवार, २३ एप्रिल

ताप. तपासणी झाली. आता मीही यादीत. दिवस पहिला. हिनाचा फोन आला, बराच वेळ बोलली, डब्यासाठी कुणाला तरी सांगते म्हणाली. चौऱ्याण्णव.

शनिवार, २४ एप्रिल

ब्याण्णव. खाडीकडून वास येतो. सुक्या बोंबलांचा. भरती आहे, तरी येतो. खिडकी लावली तरी येतो.

हिना म्हणाली तिचाही घसा धरलाय.

रविवार, २५ एप्रिल

एकोणनव्वद. अकरा वाजले, बारा वाजले, फोन नाही. मीच लावला. माझ्या टेबलावर आता साईराज म्हणून नवा माणूस आहे. हिना आजारी. बेड लागेल म्हटलं, यंत्रावरचा आकडा सांगितला. तो गोंधळला. म्हणाला, काका, आत्ता दहा मिनिटांपूर्वी तर बोललो आपण. तुम्हीच सांगितलंत ना, शहाण्णव, ठीक.

मी बोललो नाही म्हटलं.

आवाज तुमचाच होता, म्हणाला.

सोमवार, २६ एप्रिल

पंच्याऐंशी. दोनदा ऑफिसला लावला. दोनदा तेच — बोललात ना आत्ता. ॲम्ब्युलन्सचा नंबर लागत नाही. गॅलरीतून हाक मारली. समोरच्या इमारतीत एका बाईने बघितलं आणि पडदा ओढला.

स्वरूपला फोन करून सगळं सांगावं. मी खोटं लिहिलं म्हणून — लावला. त्याने हॅलो म्हटलं. मी तोंड उघडलं. जे बोललो ते मी बोललो नाही. शहाण्णव, ठीक. त्याने विचारलं, कोण बोलतंय? पुन्हा तेच बोललो. तोंड माझं आणि —

लिहिता येतं अजून. हात माझा आहे.

मंगळवार, २७ एप्रिल

शहात्तर. बसून लिहितोय. श्वास अर्धाच येतो.

स्वरूप, तुझी आई चौदाला गेली. तिने दाराशी वाट पाहिली. मी शपथ घेतली होती. मी रकाना भरला. चौदापासून एकोणीसपर्यंतचे सगळे आकडे खोटे. ही वही त्याला द्या. कुणालाही सापडली तर — त्याला द्या.

निरांजनात तेल नाही.

अकरा. फोन वाजतोय. टेबलावर. चार हात लांब. पोहोचत नाही.

थांबला. पुन्हा.

तीनदा झाला. आता ते लिहितील —

जिन्यात कुणीतरी आहे. सावकाश चढतंय. धाप लागलेली. मधल्या मजल्यावर थांबलं. माणूस पाठवला असेल त्यांनी. देवा, पाठवला असेल.

बोंबलांचा वास. दारापाशीच.

बेल.

कोण म्हणून विचारायचंय. तोंडातून तेच येतंय, तेच आकडे. बाहेरून उत्तर आलं. मास्तर म्हणाली. म्हणाली, खरा किती ते सांग.

खरा लिहितो. मावशी, खरा लिहितो. यंत्रावर आता सत्त—

९६ झालं. माझ्या हाताने. खोडतो. सत्तर आहे. सत्त— ९६. ठीक. नाही. ९६

कडी वर सरकतेय. आतून लावली होती मी, आतून, ती