चवथा ठोका गिळनारी गाडी

१२ ऑक्टोबर, रविवार
प्रज्ञानं आज माह्या बुढ्याची, नवऱ्याची, लाल गाडी टिनाखालून बाहेर काढली. दोन वर्सं ताडपत्रीत होती. ती माही नात, आयटीआय शिकली, बोटं सदा काळी. तिले सौसर गावाले नोकरी लागली, येत्या तीन तारखेपासून. म्हने, "आजी, बसची वाट कोन पाहीन? आबाच्याच गाडीनं जाईन."
सात किका फुकट गेल्या. आठवीले चालू झाली. आन काय सांगू, तोच आवाज! फट, फट, फट, आन चवथा ठोका गिळते. बोलता बोलता मानूस थांबते तसा. पंधरा वर्सं चार वाजता हा आवाज गल्लीत वळला का म्या चहा मांडला. आजही उठली, चहाचा गंज चुलीवर ठेवला, मंग ध्यानात आलं का बुढे तं दोन वर्सांआधीच जामसांवलीच्या फाट्यावर गेले. मांगून ट्रक. गाडी बाजूले पडली होती, तिले खरोच नाई.
रडू नाई आलं. हासू आलं. दोन्ही कप मीच पेली.

१४ ऑक्टो., मंगळवार
जुना सायलेंसर सडला होता. प्र.नं नवा आनला, आतून मोकळा. मी बाजूले पाटावर बसून मेथी तोडत होती.
"धूर सरळ निंगून जाते, आजी, तं गाडी हवा जास्त वढते. पेट्रोल तेवढंच देल्लं तं उपाशी राह्यते."
म्हनलं, म्हंजे चुलीत फुंकर जास्त आन लाकूड कमी.
"हो वं! तसंच!"
लय खुश झाली मी. चवथी शिकलेली बाई, पन कार्बेटर समजलं! मंग तिनं आतलं पेट्रोल सोडनारं पितळी जेट बदललं, मोठ्या भोकाचं टाकलं. बाजूले पेट्रोलचा एक पेच हाये, पूरा आवळाचा, मंग फेरे मोजून सोडाचा. जितके फेरे तितकं पेट्रोल. बुढ्याचा दीड फेऱ्यावर होता. तिनं अडीच केला. "आबा कंजूस! ॲवरेजसाठी गाडीले उपाशी मारलं." खरं हाये. सावरगावची माही बहीन म्हने, तुया नवरा माचीसची काडी बी अर्धीच जाळते.
गाडी आता म्हशीवानी हंबरते. दम हाये. पन चवथा ठोका गिळत नाई.
जुना सायलेंसर भंगारात नाई देला. दाराजवळ खुटीले टांगला.

१७, शुक्रवार
लिहावं का नाई…
प्र. बाजारात गेली तवा शिलाई मशीनचा पेचकस घेतला आन म्या तो पेच आवळला. एक फेरा. बस. संध्याकाळी तिनं किक मारली. फट, फट, फट, आन गिळला! नव्या सायलेंसरातून बी बुढेच बोलले! शेजारच्या शांताले साखर देल्ली. "कायची वं?" म्हने. म्हनलं, खाय गुमान.

१९, रवि.
प्र. पांढरीफक होऊन घरी आली. रस्ता पाहाले म्हून सौसरले गेली होती. फाट्यावर वळाले एक्सिलेटर सोडला, पुन्हा देला तं गाडीनं घोट गिळला आन रस्त्याच्या मधातच बंद. मांगून ट्रक. डायवरनं ब्रेक दाबला म्हून.
तिनं प्लग काढून दाखवला. चुन्यावानी पांढरा. "हा चहाच्या रंगाचा पाह्यजे, आजी. हा उपाशी हाये. पेच कोनं फिरवला?"
सांगतलं.
चिल्लावली नाई. हळूच म्हने, "आबाची बी तथीच बंद पडली होती ना?"
पंधरा वर्सं ज्या आवाजावर मी चहा मांडला, थो उपासाचा आवाज होता. बुढ्यालेच कळला नाई, मले कुठून कळन.
पेचकस तिच्या हातात देला. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली का आता नाई.

२३, गुरु.
पेच पुन्हा दीडवर. परवा तिनं अडीच करून वरून नखपॉलिशची रेघ मारली होती, पेच हालला का रेघ तुटन म्हून. रेघ तुटली नाई, तरी पेच फिरला.
"आजी, शपथ घेतली होती तू."
मी नाई वं.
पाह्यलं माह्याकडं, पन मानलं नाई. जेवली बी नाई. मले वाटलं होतं पिठलं पाहून तरी बसन, हिरव्या मिरचीचं केलं होतं.
आन मी? आतून खुश. लाज वाटते लिहाले. पन आले ना बुढे.

२७, सोम.
रोज तेच. रात्री ती अडीच करते, सकाळी दीड. म्हने, "असंच राह्यलं तं मी ही गाडी इकून टाकते." आन नोकरीले? बस नऊले येते, तिले आठले हजर राहा लागते.
दुपारी खुटीजवळ गेली. सायलेंसर सावलीत. हात लावला तं भाकर उतरवल्यावरच्या तव्यावानी. घाबरली नाई मी. नवऱ्याले काय घाबराचं.
म्हनलं, ऐका. तुमची गाडी ही, भिंतीवरची. पोरीच्या पेचाले हात लावाचा नाई. तिले रोज त्याच फाट्यावरून जा लागते. तुमी चार वाजता या, तुमच्या आवाजात या, मी हाये.
दारातलं कुत्रं उठलं, वाट सोडून बाजूले बसलं.

३१, शुक्र.
चार दिवस झाले, पेच अडीचवर. प्लग चहावानी. प्र. बोलाले लागली माह्यासंग.
आन रोज चारले गल्लीतून फट, फट, फट… दारात येते, बंद होते. लाल गाडी तं टिनाखाली, थंडगार. प्र.ले सांगतलं नाई. शांता म्हने, "कोनाची गाडी वं? आवाज येते, दिसत नाई." म्हनलं, पाहुने हायेत. आंघोळ करून चांगलं लुगडं नेसते मी आजकाल. हासा.

३ नोव्हें., सोमवार
सकाळी प्र. गेली. पेच पाह्यला दोघीनं. अडीच. रेघ जागेवर. "जयभीम आजी," म्हने आन हंबरत गेली.
दहाले फोन. "पोहचली वं केव्हाची. फाट्यापासून कोनतरी मांगं मांगं होतं. आवाज आबाच्या गाडीवानी. आरशात पाह्यलं तं कोनी नाई." हासून राहिली होती. म्हनलं, सोबत असन. मंग मी बी हासली, एकटीच, किती तरी येळ. तिच्यासाठी पुरन शिजवलं.
"साडेपाचले येते," म्हने.

चार वाजून गेले. आज गल्लीत काईच नाई. बरं झालं. तिले आनाले गेले असतीन.

साडेपाच.

पावने सहा. तिले फोन लावला. वाजते, उचलत नाई. गाडीवर असन.

गल्लीत आवाज वळला. म्हशीवानी हंबरनं नाई. फट, फट, फट, आन गिळला.
दारात आला. कुत्र्यानं वाट देली. म्या विचारलं, पोरीले कुठी सोडलं?
रोज दारात येऊन बंद होते. आज चालूच हाये, मले फाट्यावर न्याले आल्यावानी.