जैनुद्दीन आणि मार्सेय बॉईज

१२ जानेवारी १९५८
मार्सेयहून रत्नागिरीला परतलो. बारा वर्षं फ्रेंच बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, आता बास. निघताना बोटीच्या डॉक्टरने शिक्क्याचा कागद दिला. मला फ्रेंच गाता येतं, वाचता येत नाही. पण एवढा मोठा शिक्का म्हणजे कौतुकच असणार. फ्रेम करून भिंतीला लावला.
संकल्प: वर्षभरात कोकणातला पहिला फ्रेंच रॉक बँड.

२० जानेवारी
बँड तयार. नाव: जैनुद्दीन आणि मार्सेय बॉईज. मी गिटार आणि गाणं. मेव्हणा मुसा ड्रमवर. वरातीच्या बँडमधला केरू क्लॅरिनेटवर. फ्रेंच गाणी दोनच येतात. बाकी चालींवर इंजिनरूमचे फ्रेंच हुकूम बसवले. तेल घाल, वाफ सोड, वगैरे. इथे कोणाला कळतंय!

९ फेब्रुवारी
मुसा ड्रम नुसता कुरवाळतो. जोरात वाजव म्हणून रोज सांगावं लागतं. तळहाताला फोड आलेत म्हणे. नाजूक माणूस.

१ मार्च
ग्रामोफोनची पिन बोथट. नवी घातली, तीही बोथट. शेजारची तुळसा दारात येऊन काहीतरी पुटपुटून गेली. ग्रामोफोनच्या पेटीचं झाकण लावा म्हणत होती, असं बायकोने, रहिमाने सांगितलं. तीनदा सांगितलं. रहिमा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

२८ मार्च, रमजान
तालीम बंद. पहाटे सहरीच्या जेवणाला डबा वाजवून उठवणारा फकीर यंदा आमच्या दाराशी फिरकतच नाही. रोज रहिमा हलवून उठवते. आज मशिदीच्या जमातीकडे तक्रार केली. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे.

१४ एप्रिल
बाजारात एसटी थेट पाठीशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरून हातवारे करत होता. हॉर्न द्यायला यांचं काय जातं? घरी कळल्यावर रहिमा रडली. डॉक्टरला कान दाखवा म्हणते. ईदनंतर बघू. आधी खेडच्या लग्नाचा कार्यक्रम.

२ मे
किनाऱ्यावर गेलो होतो. लाटा पुरुषभर, पण गाज नाही. समुद्र असा कधी पाहिला नव्हता. जास्त वेळ थांबलो नाही.

११ मे, खेड
काझीसाहेब मांडवात आले तेव्हा मुसा आणि केरू थांबले असावेत. मी डोळे मिटून 'वाफ सोड' रंगवत होतो. डोळे उघडले तर मुसाचा हात गिटारच्या तारांवर आणि अख्खा मांडव उभा. भारावले असावेत. पण टाळ्या नव्हत्या. मुलीचा बाप माझ्यासमोर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. माझ्या गाण्यात मुलीचा होकार कोणालाच ऐकू आला नाही, पुन्हा विचारावं लागलं, असं मुसाने वाटेत कागदावर लिहून दिलं. मी विचारलं नव्हतं.

१५ मे
मुसाने भिंतीवरची फ्रेम नेऊन कॉलेजातल्या एका प्रोफेसरांकडून वाचून आणली. मागे मराठीत लिहिलंय: 'दोन्ही कान जात आहेत. इंजिनाजवळ ठेवू नये.' मुसाचं अक्षर भयंकर. आणि बोटीवरच्या डॉक्टरला संगीतातलं काय कळतं?

१६ मे
खात्री करायला रेकॉर्ड लावली. काही नाही. पिन बदलली. परत बदलली. तिसऱ्या पिनेसाठी डबी उघडली, तर रहिमाने माझा हात धरून ग्रामोफोनच्या पेटीवर ठेवला.
पेटी थरथरत होती. गाणं मघापासून चालूच होतं.