हिरवी कोर्मोरा, सीलबंद

३ फेब्रुवारी
आजपासून 'कोर्मोरा' या स्पोर्ट्स कारचा संपूर्ण इतिहास लिहायला घेतला. या गाडीवर माझ्याइतका अधिकार जगात कुणाचा नाही, हे नम्रपणे नमूद करतो. (मला गाडी चालवता येत नाही. त्याचा इथे संबंध नाही.) पहिलं वाक्य झकास जमलं: 'कोर्मोरा एकही शर्यत जिंकली नाही, कारण तिला त्याची गरज नव्हती.' दुसरं वाक्य उद्या.

५ फेब्रुवारी
दुसरं वाक्य सुचायचं आहे. त्याऐवजी कपाटातली मॉडेल्स पुसली. म्हणजे खोकी पुसली. आमच्या क्लबाचा नियम एकच, सील तोडायचं नाही. उघडलेली गाडी म्हणजे खेळणं.

माझी हिरवी म्हणजे क्लबाचं भूषण. खऱ्या कोर्मोराचं स्टिअरिंग डावीकडे. हिरव्या मॉडेलच्या एकाच खेपेत ते चुकून उजवीकडे बसलं. त्याच खेपेतलं मॉडेल बायकोने मला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दिलं. मी अर्थातच उघडलं नाही. त्या संध्याकाळी ती का रुसली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. दर वाढदिवसाला विचारते, उघडलंस का? मी अभिमानाने नाही म्हणतो. संग्रहातलं तिला काही कळत नाही.

९ फेब्रुवारी
क्लबाचं अध्यक्षपद रिकामं होतंय. उमेदवार दोन, मी आणि चष्म्याचं दुकान असलेला तो. चष्मेवाला खोकी रंगानुसार लावतो. अशा माणसाच्या हाती क्लब गेला तर आनंदच आहे. आज त्याने माझं हिरवं खोकं सगळ्यांसमोर कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, आत गाडीच नाही. मी शांत राहिलो. घरी येऊन उशी बडवली.

घरी यायला उशीर झाला. ही काही बोलली नाही, म्हणजे चालतं.

१० फेब्रुवारी
सिंकच्या कडेला रंगाचे पोपडे उडालेली एक हिरवी खेळण्यातली गाडी वर्षानुवर्षं पडून आहे. तिच्या टपावर ही घासणी वाळत घालते. क्लबात कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. टाकून दे म्हटलं. राहू दे, कामाची आहे, म्हणाली.

१३ फेब्रुवारी
दाढ ठणकत होती म्हणून डेंटिस्टकडे गेलो. खोकं सोबत होतंच. आधी याचा एक्स-रे काढा म्हटलं. नर्सने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. पण काढला.

फोटोत गोल तबकडी, बारीक दातेरी चक्रं, साखळीसारखा पट्टा. डॉक्टर म्हणाले, हे मनगटी घड्याळ दिसतंय. दातांच्या माणसाला यंत्रातलं काय कळणार? मला लख्ख दिसलं: ही चावीवर चालणारी कोर्मोरा आहे! इतिहासाला कलाटणी. आनंदाच्या भरात दाढ दाखवायची राहिली.

१७ फेब्रुवारी
हिने सांगितलं, वीस तारखेला लग्नाचा वाढदिवस, हॉटेलात टेबल ठेवलंय, सात वाजता. तू आलास तर तुझ्याबरोबर, नाही आलास तर एकटी जेवेन. आणि यापुढे तुझ्यासाठी कधीही थांबणार नाही. आवाज चढवला नाही. त्यामुळे जरा भीती वाटली.

नेमकी त्याच दिवशी पाचला निवडणूक. पाच ते सात म्हणजे भरपूर. निश्चय: सातच्या ठोक्याला दारात.

२० फेब्रुवारी, दुपारी
भाषण पाठ. कोट इस्त्री केला. ही विचारत होती, उघडलंस? म्हटलं, आज अध्यक्ष होतोय, आज तर मुळीच नाही.

२१ फेब्रुवारी
कालचं आज लिहितोय.

भाषणात मी चावीच्या कोर्मोराचा शोध जाहीर केला आणि चष्मेवाल्याने पुरावा मागितला. मावळते अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. त्यांनी निकाल दिला, चावीची गाडी दाखवा, नाहीतर नाव मागे घ्या. मग सील कुणी तोडायचं यावर वाद, कशाने तोडायचं यावर त्याहून मोठा. नियमावलीत कात्रीचा उल्लेखच नाही. शेवटी चष्मेवाल्याने स्वतःचा छोटा स्क्रूड्रायव्हर दिला.

आत घड्याळ. पाठीवर कोरलेलं, 'आता तरी वेळेवर ये.'

कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. उघडं खोकं बाळगणारा सभासद मतदानाला अपात्र, म्हणून माझं मतही मला मिळालं नाही. भिंतीवर साडेआठ वाजले होते.

घराला कुलूप. पाणी प्यायला सिंकपाशी गेलो, घासणी उचलली, गाडीच्या खिडकीतून आत बघितलं. स्टिअरिंग उजवीकडे. स्टुलावर बसलो तो ही येईपर्यंत उठलोच नाही.

हिने चप्पल काढता काढता सांगितलं, की दुकानदाराकडून गाडी काढून घेतली आणि आत घड्याळ घालून सील करून घेतलं. मी खोकं उघडलं की गंमत होईल, मग गाडी हातात द्यायची.

"मग दिली का नाहीस?"

"तू उघडायची वाट बघत होते. मग घासणीला जागा नव्हती."

मला फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. हात धरून माफी मागितली. हिने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, उद्या सात वाजता, तेच टेबल, शेवटची संधी.

आज घड्याळाला चावी दिली. इतक्या वर्षांनी टिकटिक सुरू! गाडी कपाटात हलवली. घासणी रिकाम्या खोक्यात. निश्चय: आयुष्यभर वेळेवर. आत्ता घड्याळात पाचच वाजलेत. तेवढ्यात इतिहासाचं दुसरं वाक्य उरकतो.

२२ फेब्रुवारी
घड्याळात पाचच वाजलेले होते ते अगदी शेवटपर्यंत. चावी नीट पिळली गेली नव्हती.

धावत गेलो. ही टेबलापाशीच होती, समोर रिकामी ताटली. मी मनगट पुढे केलं. तिने चावी गच्च पिळली, काटे सव्वाआठवर आणले आणि हात परत दिला.

"बिल तू दे," म्हणाली.

पाकीट इस्त्रीच्या कोटात राहिलं होतं.