पंजाबरावच्या तळ्यावर न जाता मासा धरणे

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. पोलाद कारखान्याची टाउनशिप, सेक्टर २.
शेजारच्या पंजाबरावने आज पुन्हा मरळ आणली. सायकलच्या हँडलला लटकवून, घंटी वाजवत. रस्ता मोकळा असताना घंटी कशाला? बायको, वच्छला, बघायला बाहेर गेली. मी गेलो नाही. मरळ दीड हाताची होती.
रात्री त्याने वाटीभर रस्सा पाठवला. बायको म्हणाली, चव आहे. माझ्या मते मीठ कमी होतं. दोनदा वाढून घेऊन खात्री केली.

१३ नोव्हेंबर.
पुढच्या महिन्यात सासरे येतायत; मी त्यांना मामाजी म्हणतो. मारोतराव म्हणजे भंडाऱ्याकडचा माणूस, उभा जन्म तळ्याकाठी गेलेला. सोयरीक जमताना मी त्यांना सांगितलं होतं की मासे धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तेव्हा गरज होती.
संकल्प: मामाजींच्या ताटात माझ्या हातचा मासा.
वच्छला म्हणाली, "पंजाबभाऊसंगं जा ना गावामागच्या तळ्यावर. शिकवतीन थे तुमाले."
शिकवतीन! त्याच्या तळ्यावर मी मेलो तरी जाणार नाही. टाउनशिपमध्ये नवीन गार्डनं झाली आहेत, गार्डनात पाणी आहे. पोलादाचा कारखाना उभा करणारा माणूस काय म्हशींच्या शेजारी उकिडवा बसेल?

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
पहिलं गार्डन. सिमेंटचा हौद, पाणी घोट्याएवढं. बेंच सगळे हौदाकडे पाठ करून ठोकलेले. नकाशा काढणाऱ्याने मासे धरणाऱ्याचा विचारच केलेला नाही.

दुपारी.
दुसरं गार्डन. तळं खरं, पण भोवती लोखंडी कठडा आणि कठड्यापलीकडे कर्दळीचा वाफा. गळ फेकला तो कर्दळीत अडकला. माळी भैयालालने विचारलं, साहब, फूल पकड़ रहे हो क्या. अशा माणसाला उत्तर देऊ नये.
घरी आलो तर तळलेल्या माशाचा वास. रागाने पंजाबरावच्या बाजूची खिडकी लावली. वास गेला नाही. तो आमच्याच स्वयंपाकघरातून येत होता. त्याने चार तुकडे पाठवले होते.

२३ नोव्हेंबर.
फोरमनला म्हणालो, गार्डनात गळ टाकायला एक ओटा पाहिजे. तो म्हणाला, मासे आहेत का तिथे? ओटाच नाही तर कळणार कसं? मोठ्या लोकांना साधं लॉजिक नसतं.

२६ नोव्हेंबर, रविवार.
तिसरं गार्डन. कठडा नाही. काठाला उतरते दगड बसवलेले, त्यावर शेवाळ. पाय ठेवायला जागाच नाही. ठेवला. कमरेपर्यंत पाण्यात गेलो.
चौकीदाराने ओढून काढलं आणि नाव विचारलं. पंजाबराव सांगितलं. आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर.
कारखान्याच्या मिलमध्ये सगळे पंजाबरावला विचारत होते, तळ्यात पडलास म्हणे. तो हसून म्हणाला, पडलो असन बा, ध्यानात नाही. लोकांनी त्याला चहा पाजला. माझी कंबर दुखते आहे, मला कोणी विचारलं नाही.

३ डिसेंबर, रविवार.
मामाजी सकाळच्या गाडीने आले. मी आधीच सांगून टाकलं की थंडीत मासा तळाशी बसतो. ते अंगणात गेले, तर कुंपणापलीकडे पंजाबराव गळाला दोरी बांधत होता. चहा निवायच्या आत दोघे निघाले. मलाही बोलावलं. मी कंबरेचं कारण सांगितलं, आणि ते खरंच होतं.
संध्याकाळी रोहू घेऊन आले. मामाजींनी पंजाबरावला आमच्याकडेच जेवायला थांबवलं. माझ्या घरात, मला न विचारता. मामाजी त्याला तळ्यांच्या गोष्टी सांगत होते. पाच वर्षांत माझ्याशी ते इतकं बोललेले नाहीत.
आमच्याकडे माशाचं मुंडकं जावयाच्या ताटात जातं. त्यात जावयाचं कर्तृत्व काही नसतं, पण मान तो मान. वच्छलाने रिवाजाप्रमाणे पळी माझ्याकडे आणली.
मामाजी म्हणाले, "थांब वच्छले. मासा ज्यानं धरला, मुंडकं त्याले दे."
तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंजाबरावला वाढलं.
"नाही मामाजी," तो म्हणाला, "मान जवायाचाच असते." आणि मुंडकं उचलून त्याने माझ्या ताटात ठेवलं.
मामाजी म्हणतो तो त्यांना.  मी मुंडकं खाल्लं. बराच वेळ काटे काढत बसलो, म्हणजे वर बघावं लागलं नाही.