सरळ विचारायचं

३ मार्च, सोमवार

पुन्हा घड्याळजींचं घर! चहा हातातच राहिला, फोन आला, निघालो. नाव आम्हीच ठेवलंय. माणूस लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, आणि स्वतःचं कधी पुढे, कधी मागे. हे त्याचंच वाक्य. मी म्हटलं असतं तर सिस्टरने डोळे वटारले असते.

गोळ्या बंद केल्या होत्या. खोलीला आतून कडी. भिंतीवरची घड्याळं जमिनीवर — टिकटिकीतून कोणीतरी त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलत होतं म्हणे. पोलीस आले असते तर दार फोडलं असतं. म्हणून आम्ही जातो, मनोरुग्णांच्या घरी जाणारं फिरतं पथक. शरीर बघायला सिस्टर, मन बघायला मी, आणि आम्हा दोघींना बघायला ड्रायव्हरदादा. दाराबाहेर फरशीवर पाय बधिर होईपर्यंत बसले. मग नेहमीचा प्रश्न. "जीव द्यावासा वाटतोय का?" आमच्याकडे हा आडून विचारायचा नाही. आपण आडून विचारलं की समोरचाही आडूनच सांगतो. आणि विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात नसलेलं शिरत नाही, असलेलं बाहेर येतं.

आतून आवाज — "आज नाही. उद्याचं उद्या विचारा."

हसूच आलं! थोड्या वेळाने कडी निघाली.

त्याची आई सगळा वेळ माझ्यामागे उभी होती. फोन नेहमी तीच करते. निघताना म्हणाली, "तुम्ही आलात ना ताई, की माझा जीव भांड्यात पडतो." किती समजूतदार बाई! अशी आई घरोघरी असती तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

५ मार्च, बुधवार

सुट्टी. फोन वाजला नाही तरी हात खिशाकडे. कपाट आवरायला काढलं, अर्धं सोडलं, मग फ्रीज. तोही अर्धाच.

६ मार्च, गुरुवार

घड्याळजींचा थोरला भाऊ ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, बसायच्या आधीच निर्णय तयार — धाकट्याला दूरच्या मानसोपचार केंद्रात कायमचं ठेवायचं. अठराला बैठक आहे, डॉक्टर असतील, आमच्या मताला वजन आहे. मी म्हटलं, एकदा ठेवलं होतं ना? परत आला तेव्हा हात इतके थरथरत होते की कित्येक महिने चिमटा धरता येत नव्हता. काम गेलं की हा माणूस गेला. घरीच राहू दे, आम्ही येत राहू.

तो म्हणाला, "तुम्ही तासाभरात निघून जाता, मॅडम. रात्र आईला काढावी लागते."

आणि तू? दुसऱ्या गावी बसून रविवारी फोन करतोस! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला! हे सगळं तोंडावर बोलले नाही, इथे लिहितेय. दिवसभर तेच वाक्य डोक्यात घुमतंय. मेला!

९ मार्च, रविवार

भांडण. नवरा सांगत होता, साहेबाने सगळ्यांसमोर झापलं. माझ्या तोंडून निघालं — "तुला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे."

तो मग म्हणाला, "माझ्याशी ड्युटीच्या आवाजात बोलू नकोस. त्यापेक्षा त्या साहेबाला दोन शिव्या दे."

दिल्या. चांगल्या सणसणीत दिल्या. त्याला बरं वाटलं, मलाही. पण रात्री मला झोप नाही. ह्याला बरं आहे, पडल्या पडल्या घोरतो.

१२ मार्च, बुधवार

मुद्दाम गेलो, फोन नसताना. घड्याळजी कामाला बसलाय! डोळ्याला भिंग लावून एका पिटुकल्या घड्याळाचं पोट उघडलेलं. गोळ्या स्क्रूच्या डबीत ठेवतो. "काम सुरू करताना डबी उघडावीच लागते, मग विसरायचं कसं?" ही युक्ती त्याची, पण मी ऑफिसात माझी म्हणून सांगणार आहे.

प्रश्न विचारला. नाही म्हणाला. मग भिंग काढून माझ्याकडे बघत — "ताई, हे तुम्ही सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना."

"ह्या दादांना पण?" ड्रायव्हरदादा चमकले. "मला कशाला? माझ्या घरी बायको आहे, ती रोज विचारते — अजून जिवंत आहात का!"

आई कपबशा घेऊन येत होती. तीही हसली. "बरंय बाई. आम्हा म्हाताऱ्यांना कोण विचारतंय!" सगळेच हसलो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात हसणं ऐकलं. खूप छान वाटलं, खरंच.

१३ मार्च, गुरुवार

सिस्टर गाडीत म्हणाली, म्हातारी फार वाळलीये. मी म्हटलं, अठरा तारीख होऊ दे, भरेल अंगाने.

१७ मार्च, सोमवार

उद्या बैठक. काय बोलायचं ते आरशासमोर बोलून बघितलं. नवरा दात घासत मध्येच — "मला पटलं. घरीच ठेवा त्याला." चेष्टा सुचतेय! त्या माणसाला पाठवलं तर तो परत माणसात येणार नाही, आणि ते माझ्या बोलण्यावर आहे.

१८ मार्च, मंगळवार

जिंकलो!!

घरीच राहणार! थोरल्याने आईच्या वयाचा मुद्दा पुन्हा काढला. डॉक्टरांनी आईलाच विचारलं — "झेपेल ना तुम्हाला?" ती म्हणाली, "न झेपायला काय झालं? माझाच आहे ना." झालं! त्यापुढे कोण काय बोलणार? थोरला तोंड पाडून निघून गेला. घड्याळजीने बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. मला रडू आलं. सिस्टरने रुमाल दिला तो तिच्याच डोळ्यांना लावून झालेला होता.

२० मार्च, गुरुवार

भेटीला गेलो. आई शांत, निवांत. कित्येक वर्षांनी झोप लागते म्हणाली. जुनी ट्रंक काढून बसली होती. सिस्टरला लोकरीची शाल दिली, ड्रायव्हरदादांना कै. यजमानांची छत्री. मला स्वतःची शिवणकामाची कात्री — "तुमच्या हातात शोभेल." नको नको म्हटलं, ऐकेना. आता पंचाईत! भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, नियम आहे. साहेबांना सांगू की परत करू? परत केली तर तिला किती वाईट वाटेल! संध्याकाळभर त्या कात्रीचाच विचार. नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात? ठेव. नाहीतर मला दे, मिशा कापतो."

२२ मार्च, शनिवार

नवीन भरती झालेल्यांचा वर्ग घेतला. अर्धे जांभया देत होते. फळ्यावर लिहून दिलं — कोणत्या माणसाकडे जास्त लक्ष द्यायचं. खूप दिवस त्रासलेला आणि एकाएकी शांत झालेला. निरवानिरव करणारा. आपल्या वस्तू वाटून टाकणारा... इथे खडू थांबला. काहीतरी मनात आलं होतं, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, मॅडम, परीक्षेत येणार का हे? भडकले. काय आलं होतं ते निसटलंच. दिवसभर मनात पाल चुकचुकतेय. पडले तरी उठतेय, पाणी पिते, पुन्हा पडते.

२४ मार्च, सोमवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. फोन त्याच घरातून, पण आवाज आईचा नव्हता. घड्याळजीचा. "ताई, आईला विचारलं मी. तुम्ही विचारता तसं, सरळ. ती हो म्हणाली. तिच्याजवळ बसलोय, उठत नाही." इतक्या वेळा गेले त्या घरी. तिला एकदाही विचारलं नाही मी! फोन चालूच आहे, सिस्टरच्या हातात. पलीकडे तो तिला सांगतोय — "रडू येऊ दे गं आई. मला सगळं सांगितलंस ना, बास. मी आहे ना."