बेसिंगस्टोक ५१, सापोरो ४३

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही. बीपीसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मला स्वतःलाच वाटलं म्हणून. तीन दिवस उत्तम पाळला. आज सकाळी साडेनऊला अनुयाने फोन नाकासमोर धरला आणि संकल्प मोडला. यात माझा दोष नाही.

ईशानीची लिस्ट आली. आम्ही दोघं ३ फेब्रुवारीला लेकीकडे सापोरोला निघतोय, दहा दिवसांसाठी. सापोरो म्हणजे जपानच्या पार वरच्या टोकाचं शहर. तिथे काय घालायचं याची चौदा कलमांची यादी तिने पाठवली. आईला. मला नाही. वर लिहिलंय, 'आई, बाबाला पण सांग.' दोन वर्षं माझ्याशी सगळा व्यवहार आईमार्फत चालतो. मी बाप आहे की शाखा कार्यालय?

पहिलं कलम, तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत: 'कॉटनची बनियन नको.' चाळीस वर्षं मी कॉटनचा बनियन घालतोय. पुढचं वाचलं नाही. फोन परत दिला.

नोंद असावी म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी ईशानीने रेडिंगमधली चांगली अकाउंटन्सीची नोकरी सोडली आणि तिकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की त्या बर्फात तू चार दिवस टिकणार नाहीस. तिला हीथ्रोवर सोडायलाही मी गेलो नाही, पण त्या दिवशी मला खरंच सर्दी होती. ती टिकली, हा वेगळा मुद्दा. बोलणं तिने बंद केलं. मी फक्त सुरू केलं नाही.

प्लॅन: एअरपोर्टवर ती सॉरी म्हणेल. मी दोन मिनिटं घेईन. मग माफ करेन.

६ जानेवारी, मंगळवार

लंच ब्रेकमध्ये नकाशा पाहिला. आमचं बेसिंगस्टोक ५१ अंश उत्तर. सापोरो ४३. म्हणजे सापोरो आपल्यापेक्षा आठ अंश दक्षिणेला! थंडी खरं तर आपल्याकडे जास्त. बावीस वर्षं या देशात काढलेल्या माणसाला खालच्या गावातल्या थंडीचे धडे देतेय. प्रिंट काढून फ्रिजवर लावला.

अनुया म्हणाली, आज तिथे उणे नऊ आहे आणि इथे अधिक सात. मी म्हटलं, आजचं सोड, तत्त्व बघ. ती फ्रिजमधून दूध काढून निघून गेली.

९ जानेवारी, शुक्रवार

बूट आणले. दुकानातल्या पोरीने पाय मोजला आणि नऊ म्हणाली. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हापासून माझा साइज आठ आहे. पाय म्हणजे काय लोकसंख्या आहे, वाढत जायला? तिला मोजपट्टी नवी घ्या म्हणून सांगितलं. अनुया परफ्यूम बघत लांब उभी राहिली.

बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे रबरी पट्टीचे खिळे घेणार का, असंही पोरीने विचारलं. नको म्हटलं. चालायला मला वयाच्या पहिल्या वर्षीच शिकवलंय.

आठ नंबर घेतले. थोडे चावतात. चामडं सैल होईल.

११ जानेवारी, रविवार

ट्रेनिंग सुरू. सकाळपासून हीटिंग बंद. वर दोन खिडक्या उघड्या. मी बनियनवर बसून पेपर वाचला. अनुयाला म्हटलं, तूही सवय कर. ती म्हणाली की ती लिस्ट वाचून कपडे घेतेय, तिला सवयीची गरज नाही. दुपारी ती पिनरला बहिणीकडे गेली. म्हणे, मी परत येईन तेव्हा घर एकोणीस डिग्रीवर हवं, नाहीतर मी तिथेच राहीन.

संध्याकाळी सात वाजता हीटिंग लावलं. अनुयासाठी. ती मंगळवारी येणार आहे, पण घर तापायला वेळ लागतो.

१७ जानेवारी, शनिवार

मंडळाची संक्रांत, रेडिंगच्या हॉलमध्ये. सगळे काळ्या कपड्यांत. पूर्वजांना कळत होतं थंडीत काय घालायचं, चौदा कलमं लागत नव्हती.

शशी भेटला. हा तीन वर्षांपूर्वी टूरबरोबर सापोरोला चार दिवस जाऊन आला आणि तेव्हापासून स्वतः तिथला महापौर असल्यासारखा बोलतो. हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाला, आणि अर्धा तास माझं डोकं खाल्लं. म्हणे, विन्या, बाहेर उणे दहा असतं पण आत हीटिंग इतकं, की लोक टी-शर्टवर बसतात. कपड्यांचे थर हवेत, काढता-घालता येणारे. म्हणे, फुटपाथवरचा बर्फ लोकांच्या पायांनी घासून आरसा होतो, तिथे भले भले आडवे होतात. म्हणे, जिथे-तिथे बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे न फाटलेले घे.

हे शेवटचं त्याने माझ्या पायाकडे बघून म्हटलं. हॉलमध्ये आम्ही बूट काढूनच बसलो होतो. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तेवढा. हल्ली माझे सगळे मोजे अंगठ्याशीच फाटतात. मोजे निकृष्ट निघायला लागलेत.

मी शशीला अंशांचं गणित सांगितलं. तो अनुयाकडे बघून हसला आणि अनुयाही हसली. तिळगूळ त्याच्या डब्यात परत टाकला.

२१ जानेवारी, बुधवार

कपड्यांचा अंतिम निर्णय: बनियन, त्यावर मँचेस्टरला सेलमध्ये घेतलेला जाड कोट, डोक्याला माकडटोपी. थर वगैरे काही नाही. आत फार उकडलं तर काय करणार, असं अनुयाने विचारलं. कोट काढेन. मग जपानी लोकांसमोर बनियनवर बसणार का, असं तिने विचारलं. यावर मी विचार करतोय.

ईशानीने आईला विचारलंय म्हणे, बाबांनी लिस्ट वाचली का. अनुयाने हो सांगितलं. माझ्या नावावर खोटं बोलते. पण चुकीचं बोलली असंही नाही, पहिलं कलम वाचलंय.

खोकला सुरू झालाय. ट्रेनिंगशी संबंध नाही.

२६ जानेवारी, सोमवार

शशी आरशासारख्या बर्फाची भीती घालतो ना? ठीक. तो बर्फ मी घरीच करेन. आज रात्री उणे चार होणार आहे. संध्याकाळी घरासमोर, गाडी लावायच्या ड्राइव्हवर चार बादल्या पाणी ओतलं, एकसारखं पसरलं. उद्या आठ वाजता नवे बूट, कोट, टोपी घालून वीस फेऱ्या मारायच्या. मग सापोरोला एअरपोर्टवर उतरल्यावर ईशानी हात धरायला येईल तेव्हा म्हणेन, राहू दे, जमतं मला.

शेजारच्या मिसेस हॉब्सनी कुंपणावरून विचारलं, काय चाललंय. झाडांना पाणी घालतोय म्हणून सांगितलं. तिथे झाडं नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळी ७.०५

बिन डे, म्हणजे कचऱ्याची गाडी येण्याचा दिवस. खिडकीतून दिसलं की मिसेस हॉब्सनी त्यांची बिन पुन्हा आमच्या हद्दीत लावली आहे. चांगली फूटभर आत. आठ वर्षं गप्प बसलोय. आज नाही. आत्ता जाऊन सांगतो.

त्याच दिवशी, ११.४०, हॉस्पिटल

स्लिपर घालून गेलो होतो. बादल्या विसरलो होतो.

बिनपर्यंत पोहोचलो नाही. रागाने बोट वर केलं होतं, ते वरच राहिलं आणि बाकीचा मी खाली. डावा घोटा दोन ठिकाणी मोडलाय. मिसेस हॉब्स ड्रेसिंग गाऊनवर धावत आल्या, बर्फ वितळावा म्हणून माझ्याभोवती मीठ टाकलं, ब्लँकेट टाकलं आणि अनुयाला उठवलं. मी बनियनवर होतो. बिनचा विषय काढता आला नाही.

नर्सने विचारलं कसे पडलात. बर्फ, म्हटलं. ती म्हणाली, कमाल आहे, ती सायकलवर आली, तिला कुठेच बर्फ दिसला नाही. अनुया म्हणाली, आमच्या घरी आहे.

पायाला लावायचा प्लॅस्टिकचा मोठा बूट आणताना नर्सने साइज विचारला. आठ म्हटलं. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि वरच्या मापाचा आणला. सूज धरून आणला असेल.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही. विमान नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सगळ्यांचा राग आलाय. मिसेस हॉब्सचा, शशीचा, हवामान खात्याचा. उणे चार म्हणाले आणि नेमकं उणे चारच झालं.

अनुयाला म्हटलं, आता तूही कॅन्सल कर. तिने शांतपणे सांगितलं, तुझ्या सर्दीच्या वेळी मी एकटीच गेले होते हीथ्रोला, तुझ्या पायाच्या वेळीही एकटीच जाईन. पोरगी दोन वर्षं वाट बघतेय, विनय.

कुणाची, हे विचारलं नाही. आईचीच असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेली. शशीने गाडीने सोडलं. तिची बॅग लहानशी, सगळं कलमांप्रमाणे. माझा कोट खुंटीवरच आहे. मिसेस हॉब्सना किल्ली दिली आहे, त्या सकाळ-संध्याकाळ चहा करून देणार. चहा पांचट करतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो आला. ईशानीच्या घरात दोघी टी-शर्टवर बसल्यात, खिडकीबाहेर बर्फ अर्ध्या काचेपर्यंत. पोरगी बारीक झालीय. केस कापलेत. हसतेय.

फोटो मोठा करून पाहिला आणि डोकं सणकलं. मागे दारात चपला-बूट काढून ठेवायची जागा दिसते. तिथे अनुयाचे बूट, ईशानीचे बूट, आणि एक पुरुषाची जोडी! मोठी, काळी, कोरी करकरीत. घरात कोण पुरुष आहे? म्हणजे हे आहे कारण! माझ्याशी दोन वर्षं का बोलत नाही ते आता कळलं. आणि अनुया त्याच्या बुटांशेजारी बूट काढून निवांत हसत बसलीय. तिला माहीत असणार. शशीलाही माहीत असणार, तो त्या दिवशी उगाच हसत नव्हता.

अनुयाला फोन केला. उचलला नाही. मग तिचा मेसेज आला, दोघी स्नो फेस्टिवलला गेल्यात म्हणे. तिघं गेले असतील.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ११

पुरावा हवा. अनुयाने लिस्ट मलाही पाठवली होती, महिनाभर उघडली नव्हती. त्या माणसाचं नाव कुठेतरी निसटलं असणार म्हणून आज पहिल्यापासून वाचली.

कॉटन नको. थर घाला. दोन जोडी मोजे, 'बाबाची अंगठावाली नको.' फोनची बॅटरी थंडीत लवकर संपते. छोटी पावलं टाकायची, घाई नाही, चिडून तर चालायचंच नाही. बर्फावर मी बाबाचा हात धरीन, त्याला आधी सांगू नकोस. नाव कुठेच नाही.

चौदावं कलम असं: 'बाबा लिस्ट वाचणार नाही मला माहीत आहे. म्हणून बाबाची बूट मी इथेच घेऊन ठेवली. खिळावाली. साइज नऊ. तो आठ सांगेल, सांगू दे.'

तीन वेळा वाचलं. कुणावर तरी चिडावं म्हणून इकडे तिकडे पाहिलं. घरात मी एकटाच होतो. मिसेस हॉब्स चहा ठेवून गेल्या होत्या, तो गार झाला होता. उजव्या पायातला मोजा काढला. अंगठ्याशी घट्टा आहे. किती वर्षांचा कोण जाणे.

ईशानीला मेसेज लिहायला घेतला. एअरपोर्टवर तिने सॉरी म्हटल्यावर करायचं भाषण तयार होतं, ते टाइप केलं. पुसलं. 'नऊ बरोबर आहे' एवढंच पाठवलं.

लगेच उत्तर आलं. 'मार्चमध्ये पण इथे स्नो असतो, बाबा.'

गार चहा पिऊन टाकला. मग विचारलं, मार्चमध्ये काय घालून येऊ.