उठायचा सण

प्रिय सुप्रिया,

तुला अंजनाकाकूचा सलाम. पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. पौषात तुझे आबा गेले, तेवढं यंदाला पुरे आहे. फोन करावा तर डिंभ्याला तुझ्या घरात रेंज नाही, आणि रेंज आली की माझा आवाज चढतो. परवा तुझ्या भावाशी, सोमनाथशी, तुमच्या रानातल्या वाटेबद्दल बोलताना असाच चढला आणि त्यानं फोन ठेवून दिला. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीपर्यंतची. वेलांट्या चुकल्या तर हसू नको, आणि हसलीस तरी शेवटपर्यंत वाच. आमच्या चर्चचे पाळकसाहेब बुधवारी मोटरसायकलवर तुमच्या बाजूला जाणार आहेत, त्यांच्या हाती देते. एसटीच्या भरवशावर सोडलं तर तुला पुढच्या ईस्टरला मिळेल.

आधी इकडची खबर घे. ईस्टर झाला आणि वाडी मोकळी सुटली. उपवासाच्या दिवसांत लग्नं अडून बसली होती, ती आता एकदम निघालीत. दर रविवारी देवळात लग्नाच्या पुकारा, अमक्याचं तमकीशी ठरलंय म्हणून, ऐकून कान किटले. नंदाच्या धाकटीचं नारायणगावला जमलं. मुलगा बरा आहे, दात जरा पुढं आहेत, पण संसार काय दातांशी करायचा नाही. महिला मंडळात चहा कुणी करायचा यावरून भांडण झालं, ते मी मिटवलं. म्हणजे चहा मीच केला आणि सगळ्यांना चार शब्द सुनावले. नवे पाळकसाहेब ईस्टरनंतर घरोघर प्रार्थनेला फिरतात. तीन गावं एका माणसाच्या गळ्यात, आणि प्रत्येक घरात पोहे. माझ्या दारात आले तेव्हा हात जोडून म्हणाले, अंजनाबाई, प्रार्थना करतो, पण पोहे नको. मी म्हटलं, बरं झालं, केलेच नव्हते.

आता आबांचं. ईस्टरला आबा 'उठायचा सण' म्हणायचे, ते तुला ठाऊकच आहे. आमचा प्रभू कबरेतून उठला, म्हणून त्या दिवशी आम्ही सूर्य उगवायच्या आत कबरस्तानात जमून उपासना करतो. आबांना लई वर्षं वाटायचं, की किरिस्तावांचा हा पहाटे उठायचाच सण आहे, जसा एखादा सण रंग खेळायचा, एखादा दिवे लावायचा. आणि उठायच्या सणाला माणसं झोपून राहतात हे त्यांना बघवायचं नाही. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस, त्यांना पहाटेचं काय कौतुक! काठी घेऊन निघायचे आणि वाडीच्या पहिल्या घरापासून दारं बडवत यायचे. 'उठा रं किरिस्तावांनो! तुमचा देव उठला आन तुमी घोरताय व्हय?' तू त्यांच्या मागं, हातात कंदील, नाक गळतंय, अंगावर आबांचं घोंगडं जमिनीला लोळतंय. माझ्या दारावर दोन काठ्या जास्तीच्या, कारण माझी झोप जड.

जुन्या पाळकसाहेबांनी एकदा त्यांना जवळ बसवून समजावलं, की बहिरूबा, हा सण उठायचा नाही, पुनरुत्थानाचा आहे. जो मेला होता तो जिवंत झाला. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हंजी मेलेला त्यो आपला आपन उठला, आन ह्या जित्यांना मला उठवावं लागतंय.' पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात तेच सांगितलं. आबा मात्र त्या उपदेशाला नव्हते. देवळाच्या आत ते कधी आलेच नाहीत, बाहेर चिंचेखाली बसायचे. उपासनेनंतरचा चहा मात्र हक्कानं मागायचे, आणि साखर कमी पडली तर तेही ऐकवायचे.

नंदाचा नवरा गेला त्या वर्षीचं तुला आठवत नसेल. रानात मेंढरं बसवली की शेतकरी धनगराला धान्य देतो, ही सगळीकडची रीत. आबांनी न सांगता आपला मेंढरांचा वाडा नंदाच्या रानात नेऊन बसवला, चांगलं खत पडलं. ती बिचारी ज्वारी घेऊन गेली तर म्हणाले, 'मेंढरांनला इचार, त्यांनी मागितली का. त्यांनी मागितली आसंल तर दे.' नंदा ज्वारी घेऊन परत आली. रडत होती की हसत होती, कळेना. असा माणूस. चांगलं करायचं आणि वर आपल्यालाच येड्यात काढायचं.

यंदा काय झालं ते ऐक. ईस्टरच्या पहाटे मी जागी होते. तुझे काकापण जागे, कूस बदलत होते. कोंबडा आरवला, मी पडून. फटीतून उजेड यायला लागला, मी पडून. शेवटी दारावर थाप पडली. उघडून बघते तर पाळकसाहेब, घामाघूम. बिचारे अंधारात कबरस्तानात येऊन उभे राहिले होते, आणि कबरींशिवाय कुणी नाही. त्यांना वाटलं, आपलाच रविवार चुकला. मग पळापळ. सगळे पोचेपर्यंत ऊन लेण्याद्रीच्या डोंगरावरून उतरून खाली कांद्यात आलं होतं. सूर्योदयाची उपासना आम्ही उन्हात डोळे बारीक करून केली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा बसली. सेक्रेटरी उभे राहिले आणि मंडळी कशी झोपाळू झाली आहे यावर बोलायला लागले. मला धीर कुठला! मी म्हटलं, साहेब, तुम्ही कुठं होता? तेवढ्यात नंदा हळूच म्हणाली, मी जागीच होते. मागून आणखी एक म्हणाली, मीपण. मग एकेक करत सगळेच. अख्खी वाडी जागी होती गं. मोबाइल वाजले होते, ते बंद करून सगळे आपापल्या अंथरुणात काठीची वाट बघत पडले होते. काठी वाजली नाही, तर उठायचं कसं? आबा गेले हे सगळ्यांना ठाऊक, खांदा देणारे तिथंच बसलेले, तरी कान दाराशी. सेक्रेटरी खाली बसले आणि म्हणाले, मी तर बूट घालून बसलो होतो.

मग निघालं, की आबांच्या नावाची संगमरवरी पाटी देवळात लावायची. एकजण म्हणाला, पण ते मंडळीचे सभासद नव्हते. मी म्हटलं, तुम्ही आहात ना सभासद, मग तुम्ही का नाही उठवलंत? तो जो बसला तो उठला नाही. पाटीचं ठरलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी काही हात वर केला नाही. सगळे बघायला लागले, की एवढी भांडली आणि आता हिला काय झालं. मी उठून घरी आले. आबांची पाटी आधीच आहे गं. ती भिंतीवर नाही, तुमच्या रानात आहे, आणि तिच्यावर आता चुन्याची रेघ पडली आहे.

ईस्टरला त्या वाटेनं कबरस्तानाकडे पळताना मला मोजणीचे खुंट दिसले. वाटेच्या मधोमध चुना. म्हणून सोमनाथला फोन केला. रान पुण्याच्या पार्टीला द्यायचं ठरतंय, तारेचं कंपाउंड होणार, वाट बंद होणार, आणि तुझी सही लागते म्हणून तू पुढच्या महिन्यात जुन्नरला येणार आहेस, हे सगळं त्यानंच सांगितलं. सोमनाथ वाईट नाही. पिंपरीत भाड्याच्या खोलीत पोरं वाढवतोय, त्याला आपलं घर पाहिजे, त्यात वाईट काय? तो म्हणाला, काकू, ओढ्यावर आता मोरी झाली, डांबर झालं, तुमची माणसं तिकडून जातील. ती पट्टी कुठं कागदावर हाय? सगळं खरं. मी म्हटलं, बाबा, ती वाट कागदानं काढलेली नाही, विळ्यानं काढली आहे. त्याला कळलं नाही, आणि मी ओरडले. त्याला कळणार तरी कसं? तो तेव्हा मामाकडे शिकायला होता. तू घरात होतीस, पण पाळण्यातून नुकती उतरलेली.

वाडी त्या वाटेला 'पोरीची वाट' म्हणते. लहानपणी तू तिथं हात पसरून आडवी उभी राहायचीस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचीस, 'ही माजी वाट हाय, मला इचारून जा.' फाट्यावर एसटीतून उतरलीस की कबरस्तानाच्या कडेनं याच वाटेनं घरी यायचीस, शाळेतून, कॉलेजातून, मग सासरहून. आबांची पोर तू, म्हणून ती पोरीची वाट, असा तुझा समज. आबांनी तो कधी मोडला नाही, मीपण नाही. आज मोडते. राग मानू नको.

माझी एक लेक गेली हे तुला ठाऊक आहे. तिला कशी नेली, ते कुणी सांगितलं नसेल. आरोही तुझ्याच बरोबरीची. तुम्ही दोघी एका ताटातला भात सांडायच्या. ईस्टरनंतरच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा झाला, तर आबांनी तिला कोकराच्या लोकरीचं एवढंसं घोंगडं विणवून आणलं. म्हणाले, पाणी वतलंय डोक्यावर, थंडी वाजंल. श्रावणात ती तापानं गेली. त्याच घोंगड्यात ठेवली.

कबरस्तानाचा रस्ता तेव्हा ओढ्यातून जायचा, आणि त्या दिवशी ओढ्याला माणूस बुडेल एवढं पाणी. छोटी पेटी घेऊन माणसं काठाला उभी. कुणी म्हणे पाणी उतरू द्या, कुणी म्हणे उद्या नेऊ. मी, जिचं तोंड कधी बंद नसतं ती मी, एक शब्द बोलले नाही. ओढा टाळून जायचं तर आबांच्या रानातूनच, आणि रानात बाजरी छातीएवढी, दाणा दुधात आलेला. मागायचं कुणी? आबा बांधावर उभे होते. कमरेचा विळा काढला आणि बाजरीत शिरले. पुढं आबा कापत चाललेले, मागं पेटी, पेटीमागं आम्ही. ते कापायला थांबले की पेटी थांबायची. पाऊस चालूच. कापलेली बाजरी त्यांनी बाजूला टाकली नाही गं. ती चिखलावर अंथरत गेले, म्हणजे कुणाचा पाय घसरून पेटीला धक्का लागू नये. त्या ओल्या कणसांवरून मी माझ्या पोरीला पोचवून आले.

पुढच्या पावसाळ्यात आबांनी सगळं रान पेरलं, तेवढी पट्टी सोडून. तुझी आई कुरकुरली, तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे, पोरीची वाट हाय ती.' तिथून ते नाव पडलं. पुढं एकदा मीच त्यांना म्हटलं, आबा, सुप्रियाला वाटतं वाट तिची आहे. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, 'तिचीबी हाय की. एक तिकडं गेली, एक तिकडनं येती. वाट एकच लागती.'

तर हे पत्र कशाला लिहिलं, ते आता सरळ सांगते. सही करू नको, असं मी म्हणणार नाही. रान तुमचं आहे. मंडळी मोरीवरून जाईल, तिचं काही अडत नाही. अडतं ते माझं. त्या डांबरावरून मी दोनदा निघाले आणि दोनदा अर्ध्यातून परत फिरले, माझे पाय तिकडून माझ्या पोरीकडे जात नाहीत. म्हणून एवढंच मागते, सही द्यायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला ये. सोमनाथलाही ओढून आण. मी ओरडणार नाही, रस्सा करीन, पोटभर जेवा. पहाटे तिघं त्या वाटेनं आरोहीकडे जाऊन येऊ. मग तुम्ही बहीणभाऊ काय ते ठरवा, मी त्यावर तोंड उघडणार नाही. आबांची काठी माझ्याच घरी आहे. दहाव्याला तूच ती माझ्या दाराशी टेकवून गेलीस. आठवतं का? मी ती हलवलेली नाही. तू जरा आधी ऊठ, बाहेर जा, दार ओढून घे आणि त्या काठीनं वाजव. माझ्यासाठी दोन जास्तीच्या मार. मी जागीच असेन, पण दार वाजल्याशिवाय उठायची नाही.

तुझीच, दाराकडे कान लावून असलेली,
अंजनाकाकू